एक रेघ आणि चौदा दिवस

छापलेल्या पूर्णविरामाचं टिंब बघा. दोन आठवड्यांच्या मानवी भ्रूणाची चकती त्यात सहज मावेल. तिला ना डोकं, ना पाय, ना डावं-उजवं. आणि चौदाव्या-पंधराव्या दिवसाच्या सुमारास तिच्यावर एक बारीक रेघ उमटते! शिंप्यानं कापडावर खडू ओढावा तशी. डोकं कुठे, पाय कुठे, सगळं तिथून ठरतं. पेशी त्या रेघेतून आत बुडी मारतात आणि त्यांचंच पुढे हृदय होतं, हाडं होतात.

कधीकधी रेघा दोन उमटतात. मग जुळी होतात! म्हणजे रेघेच्या आधी ‘हा कोण?’ असं विचारायचं, की ‘हे कोण?’

ब्रिटनमध्ये तत्त्वज्ञ मेरी वॉर्नॉक यांच्या समितीनं १९८४ मध्ये सुचवलं, की भ्रूणावरचं संशोधन चौदा दिवसांपुढे न्यायचं नाही. १९९० च्या कायद्यात तर या रेघेचं नावच आलं: प्रिमिटिव्ह स्ट्रीक. कायद्याच्या कलमात भ्रूणावरची रेघ, आहे की नाही नवल?

ऑस्ट्रेलियातले कॅथलिक धर्मगुरू नॉर्मन फोर्ड भ्रूणशास्त्र खोलात शिरून शिकले आणि १९८८ मध्ये त्यांनी ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं, ‘एक’ माणूस या रेघेपासून सुरू होतो. स्वतःच्या चर्चची भूमिका समोर असताना असं लिहायला केवढं धैर्य लागलं असेल! कारण व्हॅटिकननं १९८७ मध्येच एका दस्तऐवजात बजावलं होतं, की पहिल्या क्षणापासून भ्रूणाला माणसासारखाच मान द्या. पण त्याच दस्तऐवजात एक विलक्षण प्रामाणिक कबुली आहे. आत्मा नेमका केव्हा येतो, यावर चर्चनं तात्त्विक निर्णय दिलेला नाही. निर्णय नाही, म्हणूनच जपा, असा मला त्याचा सूर वाटतो.

जुळ्यांच्या मुद्द्यालाही उत्तर आहे. जास्वंदीची फांदी तोडून लावली की दोन झाडं होतात. म्हणून आधीचं झाड झाडच नव्हतं का? मी या प्रश्नापाशी बराच वेळ अडकलो.

उलट यॉर्कचे अँग्लिकन आर्चबिशप जॉन हॅबगुड यांनी हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये मर्यादित संशोधनाची बाजू घेतली. झगा धर्मगुरूचा, पण मूळचं शिक्षण शरीरक्रियाशास्त्रज्ञाचं!

गंमत म्हणजे तेव्हा प्रयोगशाळेत भ्रूण आठवडाभराच्या फारसा पुढे टिकतच नसे. २०१६ मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी तो तेराव्या दिवसापर्यंत नेला आणि कायद्यासाठी प्रयोग थांबवला. रेघ उमटायला जेमतेम एक-दोन दिवस उरले होते.