बोडीतली काई: मारायची नाही, उपाशी ठेवायची

हा आपल्या भागाचा लेखी मसुदा. बोलताना वाक्यं तुटतात, ती थोडी जोडून घेतली आहेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

गेल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त कोणता प्रश्न आला असेल? "घरच्या टाक्यात हिरवी काई झालीय, काय टाकू?" चंद्रपूर, मूल, ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली, सगळीकडून हाच प्रश्न. आणि प्रत्येकाच्या प्रश्नात तोच एक शब्द: टाकू. उत्तर देण्याआधी मी काय टाकलं होतं ते सांगतो.

आमच्या घरामागच्या वाडीत बाबांनी एक लहान बोडी केली होती. बोडी म्हणजे आपल्या भागातलं छोटं तळं, हे इथल्या मंडळींना सांगायला नको. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, साधारण ६० सेंटिमीटर खोल. बाबा गेले आणि बोडी आईकडे आली. आई रोज सकाळी माशांना मुरमुरे टाकायची. एका मे महिन्यात पाण्यावर हिरव्या दोऱ्यांची गोधडीच पसरली. मी कृषी केंद्रातून मोरचूद आणलं, अंदाजाने विरघळवलं आणि ओतलं. तिसऱ्या दिवशी काई पिवळी पडली. मी खूश! चौथ्या दिवशी पहाटे आईने हाक मारली. सगळे मासे उलटे तरंगत होते. ती मला एक शब्दही बोलली नाही. टोपलं घेऊन एकेक मासा काढत बसली.

झालं काय होतं?

दोन गोष्टी झाल्या. एक, तांबं माशांना विषारीच असतं, आणि पाणी जितकं मऊ तितकं जास्त विषारी. मी ना पाणी तपासलं होतं, ना माप काढलं होतं. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. काई मेली, पण गेली कुठं? पाण्यातच राहिली, आणि कुजायला लागली. कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन खातात. त्यात आपला उन्हाळा! २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांच्या पाण्यात जेमतेम ७. शिवाय पाण्यातली हिरवळ दिवसा ऑक्सिजन देते आणि रात्री घेते. म्हणून सूर्योदयाच्या जरा आधी ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. मासे पहाटे मरतात ते यामुळे. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून आ वासताना दिसले, तर समजा धोक्याची घंटा वाजली.

शेजारचे एक ढिवर काका आले, पाण्यात हात घालून म्हणाले, "बापू, तू काई मारली, पर काईचं खाणं तं तसंच ठेवलं ना." माझ्या सगळ्या वाचनापेक्षा हे एक वाक्य कामाचं निघालं. महिनाभरात काई परत आली. मासे मात्र परत आले नाहीत.

आधी ओळखा: कोणती काई?

काचेचा पेला घ्या, बोडीतलं पाणी भरा, उजेडात धरा. पाणीच हिरवं दिसलं तर ते तरंगणारं सूक्ष्म शेवाळ. पाणी नितळ आणि आत केसांसारखे दोरे असतील, तर ते तंतुमय शेवाळ, म्हणजे स्पायरोगायरा, क्लॅडोफोरा वगैरे मंडळी. गोधडी होते ती याची. हा फरक महत्त्वाचा, कारण बाजारातला यूव्ही दिवा पंपातून जाणारं हिरवं पाणी साफ करतो, पण दगडाला धरून बसलेले दोरे दिव्यापाशी जातच नाहीत. उलट पाणी नितळ झालं की ऊन खोलवर पोचतं आणि दोरे आणखी फोफावतात. पैसे घालवण्याआधी पेल्याची परीक्षा करा.

काईचं खाणं म्हणजे काय?

ऊन, नायट्रेट आणि फॉस्फेट. ऊन आपल्याकडे फुकट. बाकीचं आपणच घालतो. उरलेलं माशांचं खाद्य, आईचे मुरमुरे, काठावरच्या झाडांना घातलेलं खत पावसात वाहून येतं ते, सागाची पानं, मोहाची फुलं, तळाचा गाळ. आणि एक लपलेली गोष्ट: उन्हाळ्यात पाणी आटतं, पण त्यातले क्षार आणि खतं मागेच राहतात. वरून आपण बोअरचं पाणी घालत राहतो. म्हणजे डाळ आटवत जावी तसं ते दाट होत जातं.

हेच मोठ्या प्रमाणावर बघायचं असेल तर चंद्रपूरचा रामाळा तलाव बघा. गोंडकालीन तलाव, पण शहराचं सांडपाणी येत राहिलं आणि इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी, माजत राहिली. इको-प्रोचे बंडू धोतरे २०२१ च्या फेब्रुवारीत या तलावासाठी उपोषणाला बसले होते. जलपर्णी कितीही काढा, सांडपाणी येत राहिलं तर ती परत येणारच. काकांनी माझ्या बोडीबद्दल सांगितलं तेच हे.

आणि आपल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. आपले मालगुजारी तलाव घ्या. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, म्हणून ते 'माजी मालगुजारी', म्हणजे मामा तलाव. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यातला गाळ बैलगाडीने धानाच्या बांधीत जायचा. शेताला खत मिळायचं आणि तलावातून काईचं खाणं निघून जायचं. भंडारा-गोंदिया भागात मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवर समाजाबरोबर अशाच तलावांत काम केलं: बेशरम उपटायची आणि देशी पाणवनस्पती लावायच्या. नुसतं काढून थांबायचं नाही, रिकाम्या जागी योग्य ते लावायचं.

मग घरी काय करायचं?

*हाताने काढा.* बांबूची कमची घ्या, काईत घालून गोल फिरवा. शेवया गुंडाळाव्या तशी गुंडाळून येते. एका दिवसात सगळी काढू नका, निम्मी काढा, चार दिवसांनी उरलेली. काढलेली काई दोन-तीन तास काठावरच ठेवा, म्हणजे त्यातले गोगलगायी, चतुराच्या अळ्या पाण्यात परत जातील. मग खताच्या खड्ड्यात. काईबरोबर तिने खाल्लेलं खतही बाहेर जातं, म्हणून हा उपाय खरा.

*खाद्य कमी करा.* दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. आईला हे पटवायला मला सहा महिने लागले.

*सावली करा.* निम्मं ते दोन तृतीयांश पाणी झाकलेलं हवं. कुमुदिनी उत्तम. कमळ लावायचं तर कुंडीत, नाहीतर सगळी बोडी त्याचीच. झाडं वाढेपर्यंत, आपण कुंड्यांवर बांधतो ती हिरवी नेट मे महिन्यात बांधा. सावलीसाठी जलपर्णी मात्र कधीच आणू नका.

*भागीदार लावा.* हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम या बुडालेल्या वनस्पती काईच्या ताटातलंच खातात. पण मधूनमधून त्याही छाटून बाहेर काढायच्या.

*पाणी बदला.* नुसती भर घालू नका. पंधरा दिवसांनी तळाचं दहावा हिस्सा पाणी झाडांना द्या, मग नवं घाला. नळाचं क्लोरीनवालं पाणी आधी एक दिवस उघडं ठेवा.

"तणस टाकली तर चालते का?"

हा प्रश्न नेहमी येतो. ब्रिटनमध्ये जवाची, म्हणजे सातूची, तणस तळ्यात टाकतात. ती आधीची काई मारत नाही. भरपूर ऑक्सिजनच्या पाण्यात हळूहळू कुजताना नवी वाढ रोखते, तीही प्रत्येक वेळी नाही. आपल्याकडे धानाची तणस ढिगाने आहे, पण ४५ अंशांच्या उन्हात पेंढा पाण्यात पडला तर कुजून ऑक्सिजनच संपवेल. माझा सल्ला: उन्हाळ्यात नको. हिवाळ्यात करून बघायचं असेल तर मूठभर, जाळीत सैल भरून, पंपाच्या धारेजवळ.

शेवटचं, आणि महत्त्वाचं

काईचा प्रश्न फक्त दिसण्याचा नाही. गडचिरोलीवर हिवतापाचा मोठा भार आहे. दोऱ्यांच्या गोधडीत डासांच्या अळ्या लपतात, माशांना सापडत नाहीत. माझे मासे मेले त्या पावसाळ्यात बोडीत अळ्याच अळ्या होत्या. औषधाने मी माझे पहारेकरीच मारले होते. नंतर आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणले. तुम्हीही विचारा, मिळतात. फक्त ते घरच्या टाक्यातच ठेवा. नदीत, तलावात सोडू नका, तिथल्या देशी माशांना त्रास होतो.

आज आमच्या बोडीत काई आहे का? आहे. काठाला थोडी असतेच, असावीही. ती माशांच्या पिल्लांना लागते. दर पंधरा दिवसांनी मी कमची घेऊन बसतो. आई शेजारी मुरमुऱ्यांची वाटी घेऊन असते. मोजून चार दाणे टाकते, आणि माझ्याकडे बघून पाचवा.

तुमच्या बोडीचं काय चाललंय ते कळवा. पुढच्या भागात भेटू.