वाफेच्या इस्त्रीला पाणी कोणते?

कपड्यांची निगा राखणारे कपाट ही अलीकडची चैन! २०११ साली एका कोरियन कंपनीने ते बाजारात आणले. आत कोट टांगावा, दार लावावे. यंत्र त्याला वाफ देते, हलवते आणि वाळवून परत करते. लोकरीच्या कोटाला हे ठीक. पण आमचे वऱ्हाड पडले कापसाचे! सुती सदऱ्याच्या सुरकुत्या नुसत्या वाफेला दाद देत नाहीत. ओलाव्याने आणि उष्णतेने धाग्यातील रेणूंचे बंध सैल होतात खरे. पण धागा सपाट बसायला वरून दाब लागतो. निखाऱ्यांची जड इस्त्री फिरवणाऱ्या परटाला हे शास्त्र न शिकताच ठाऊक होते. (‘इस्त्री’ हा शब्द ‘ताणणे’ या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला, असे सांगतात.)

खरी अडचण पाण्याची आहे. अमरावती-अकोल्याकडच्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या भागांतील कितीतरी विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही. ते यंत्रात ओतले, की वाफ निघून जाते आणि क्षार मागे राहतात. बारीक भोके बुजतात. मग ऐन लग्नाच्या दिवशी पांढऱ्या सदऱ्यावर मळकट थेंब! प्यायचे गोडे पाणी जिथे लांबच्या धरणातून आणावे लागते, तिथे ते इस्त्रीला कोण पाजणार?

तेव्हा यंत्राची टाकी उघडून खरवडता यावी, आणि पाण्याविनाही इस्त्री चालावी. पाणी हाताने शिंपडू! यंत्र आखणाऱ्यांनी एकदा तेल्हाऱ्याचे घागरभर पाणी नेऊन त्यात ओतून पाहावे.