गाणाऱ्याचा मायक्रोफोन

वाईस कृष्णाबाईच्या उत्सवात गावयास बसणे ही सोपी परीक्षा नव्हे. वर कापडी मांडव, पलीकडे घाट, आणि पुढल्या रांगेत मुलांचा कलकलाट! एके वर्षी आमच्या भाचीने तेथे षड्ज लावला मात्र, कर्ण्यातून अशी शिट्टी निघाली की बिचारी गांगरूनच गेली. घरी येऊन ती स्वतःच्या गळ्यास दोष देत बसली. दोष गळ्याचा नव्हता. कोणी हौसेने आणिलेला, चहूकडचे ऐकणारा कंडेन्सर मायक्रोफोन तिच्यापासून हातभर दूर मांडिला होता. कर्ण्याचा आवाज तो पुनः ग्रहण करी व पुनः कर्ण्यासच देई. शिट्टीचे मूळ हेच.

अशा ठिकाणी डायनॅमिक जातीचा, एकाच दिशेचे ऐकणारा मायक्रोफोन बरा. त्यात पडद्यास जोडलेले तारेचे वेटोळे चुंबकाजवळ हालते. कंडेन्सरप्रमाणे ४८ व्होल्टांचा पुरवठा त्यास लागत नाही. अमेरिकेतील शुअर कंपनीचा १९६६ साली निघालेला एसएम ५८ याच जातीचा. तो पाठीमागचे फारसे ऐकत नाही, म्हणून गायकाकडे तोंड केलेला कर्णा नेमका त्याच्या पाठीशी ठेवावा. जाळी मात्र मुठीत धरू नये (आमचे तरुण गायक हमखास धरतात!), कारण मागली छिद्रे बुजली की त्याचा हा गुणच जातो.

तोंड फार जवळ नेल्यास खर्ज फुगतो. बारीक आवाजास हे उपकारक, भारदस्त गळ्यास मारक. यास्तव दुकानात नुसते 'हॅलो, हॅलो' न म्हणता मंद्र व तार दोन्ही सप्तकांत गाऊन पाहावे. भाचीने तसेच केले. आता तंबोऱ्याबरोबर तिचा मायक्रोफोनही गवसणीत घालून निघतो.