बाटलीतले जीव आणि धुऱ्यावरची माती

मे महिन्यात घाटाखाली, नांदुरा-मलकापूरच्या बाजूला, काळ्या रानात अख्खा हात जाईल अशा भेगा पडतात. माती मेल्यासारखी दिसते. पण मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की दोन-तीन दिवस तिच्यातून कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर पडतो. उन्हाळ्यात निपचित पडलेले सूक्ष्मजीव जागे होतात, मेलेल्या भाऊबंदांवर ताव मारतात आणि त्या जेवणातून नायट्रोजन मोकळा होतो. एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करून 1958 मध्ये हे मांडले, म्हणून शास्त्रात त्याला ‘बर्च परिणाम’ म्हणतात. कोवळ्या पिकाला हा घास फुकट मिळतो. तो केवढा असेल, हे मात्र आधीच्या वर्षांत रानात काय जिरले त्यावर ठरते.

नेमक्या त्याच दिवसांत कृषी केंद्रात बाटल्यांची रांग लागते. कुणावर ‘जैविक’ लिहिलेले असते, कुणावर ‘सेंद्रिय’. हे दोन शब्द एक नाहीत. जैविक बाटलीत जिवंत जिवाणू असतात: रायझोबियम, अॅझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळवणारे पीएसबी. सेंद्रिय बाटलीत समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक आम्ल, माशांपासून केलेले द्रावण असे काही असते. शेवाळाच्या अर्कासारख्या पदार्थांना सरकारने 2021 मध्ये ‘जैव-उत्तेजक’ या नावाने खत नियंत्रण आदेशात वेगळी जागा दिली. उत्तेजक म्हणजे अन्न नव्हे. माशांच्या द्रावणातली प्रथिनेही मूळ थेट खात नाही म्हटले तरी चालेल. सूक्ष्मजीवांनी ती फोडून अमोनियम आणि नायट्रेट केले, तरच ती पिकाच्या कामी येतात. म्हणजे बाटलीतला शिधा शिजवायला चूल मातीचीच लागते.

जिवाणूंच्या बाटलीचा हिशेब करून पाहू. नियमाप्रमाणे द्रवरूप जिवाणू खताच्या एका मिलिलिटरमध्ये किमान 10 कोटी जिवंत पेशी हव्यात, म्हणजे लिटरला 10 हजार कोटी. आकडा अफाट वाटतो. पण एक एकर रानातली वरची सहा इंच माती साधारण 9 लाख किलो भरते आणि चांगल्या मातीच्या एका ग्रॅममध्येच 10 कोटींच्या घरात जिवाणू असतात. लिटरभर बाटली एकरभर ओतली, तर एका पाहुण्यामागे सुमारे 9 लाख घरचे. पाहुण्याला खायला नसेल, तर तो पावसाळाही काढत नाही. शिवाय पत्र्याच्या गोदामात 44 अंशांत महिनाभर तापलेल्या बाटलीत किती पेशी जिवंत उरल्या, हे लेबल सांगू शकत नाही.

मग घरचे जीवामृत बरे का? शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी ते घरोघर पोहोचवले. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एकरासाठी 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, गूळ, बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती. या मिश्रणातला सगळा नायट्रोजन मोजला, तर तो पाव किलोच्या आसपास येतो. आणि आठ क्विंटल सोयाबीनच्या दाण्यांत सुमारे 50 किलो नायट्रोजन असतो. जीवामृत हे विरजण आहे. विरजण कितीही चांगले असले तरी दूध लागतेच, आणि मातीचे दूध म्हणजे कार्बन. पाळेकरांच्या पद्धतीत आच्छादनही आहे. पुष्कळ ठिकाणी ड्रम तेवढा घेतला जातो आणि आच्छादन मागे राहते, याचे मला फार वाईट वाटते.

बाटली खरोखर उपयोगी पडते तीही जागा आहे. सोयाबीन आपल्याकडचे पीक नव्हे. त्याच्या मुळांवर गाठी करणारा ब्रॅडिरायझोबियम जपोनिकम हा जिवाणू, जिथे सोयाबीन कधी पेरलेच नाही, त्या रानात बहुधा पुरेसा नसतो. तिथे पेरणीआधी बियाण्याला तो चोळणे शहाणपणाचे. इथे 9 लाखांचा हिशेब लागू होत नाही, कारण जिवाणू थेट कोवळ्या मुळाशी पोहोचतो. ज्या रानात वर्षानुवर्षे सोयाबीन आहे, तिथे एक रोप अलगद खणून गाठ चिरावी. आतून गुलाबी-लाल निघाली, तर कामगार हजर आहेत.

कार्बनचे काम मोठे आहे. मातीत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याखाली गेला की तपासणी अहवालात ‘कमी’ असा शेरा येतो. तो फक्त 0.1 टक्क्याने वाढवायचा, तर एकरी 900 किलो कार्बन मातीत टिकून राहावा लागतो. घातलेल्यातला बराचसा सूक्ष्मजीव श्वासावाटे उडवून टाकतात, म्हणून हे वर्षा-दोन वर्षांत होत नाही. आणि आपण पऱ्हाटी धुऱ्यावर पेटवतो.

गोठ्यातली जनावरे कमी झाली, शेणखत आणायचे कुठून, हा प्रश्न खराच आहे. त्याचे एक उत्तर विदर्भातच सापडले होते. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची नाडेप टाकी: दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीत हवेसाठी भोके. दीड टन काडीकचरा, जवळपास तेवढीच चाळलेली माती, आणि शेण फक्त शंभर किलो. तीन-चार महिन्यांत खत तयार. पऱ्हाटी मात्र बारीक करूनच टाकावी. तिच्यात कार्बन फार आणि नायट्रोजन थोडा, अख्खी टाकली तर लवकर कुजत नाही. सोयाबीनचे कुटार आणि तुरीचा पाला जोडीला असला की काम सोपे होते.

पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात, शेगाव-संग्रामपूरकडे, अडचण निराळी. तिथे सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, रंध्रे बुजतात, पाणी मुरत नाही आणि हवाही जात नाही. अशा मातीत कुठलीही बाटली ओतून भागत नाही. आधी तपासणी करून जिप्सम, सोबत भरपूर कंपोस्ट.

आपले रान जिवंत आहे का, हे पाहायला कापसाच्या जिल्ह्यात कापूसच पुरे. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, सूक्ष्मजीवांचे आवडते खाणे. जुन्या सुती धोतराचे सारखे तीन तुकडे घ्यावेत. मृगात एक बाटली ओतलेल्या तासात, एक कंपोस्ट घातलेल्या तासात आणि एक काहीच न घातलेल्या तासात, चार बोटे खोल पुरावा आणि खूण म्हणून काडी रोवावी. पोळ्याच्या सुमारास तिन्ही उकरावेत, माती झटकावी आणि कुठल्या तुकड्याची नुसती जाळी उरली ते पाहावे.