गंजाआधी झिजणारे जस्त

वडगाव निंबाळकरच्या पट्ट्यात नीरा डाव्या कालव्याने ऊस आणला. जिथे निचरा झाला नाही तिथे रान खारवट, चोपण झाले. ओल, मीठ आणि हवा एका जागी आली की लोखंडाचा निभाव लागत नाही. चारीच्या दाराला चंदेरी रंग फासतात, पण त्यातले ॲल्युमिनियमचे कण तेला-राळेत बुडालेले असतात. पोलादाशी त्यांचा विजेचा संबंधच जुळत नाही. एक ओरखडा पडला की गंज रंगाखालून पसरू लागतो.

जीआय पाइपावरचे जस्त मात्र खरेच राखण करते. पोलादापेक्षा ते लवकर विरघळते, म्हणून ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते. पण त्यासाठी वस्तू सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवावी लागते. धरणाचा अजस्र दरवाजा बुडवायला टाकी आणणार कुठून?

स्वित्झर्लंडच्या माक्स शूपने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर तोड काढली: धातूच फवारायचा. आज जस्ताच्या दोन तारा विजेच्या ठिणगीत वितळवतात आणि दाबाच्या हवेने थेंब उडवतात. ते पोलादावर आपटून चपटे होतात व एकमेकांवर थापल्या गोवऱ्यांसारखे बसतात. पोलाद फारसे तापत नाही, त्यामुळे पत्रा वाकत नाही.

हे थेंब पोलादाशी एकजीव होत नाहीत, नुसते अडकून बसतात. म्हणून आधी ग्रिट ब्लास्टिंगने, म्हणजे कठीण कणांचा मारा करून, पृष्ठभाग लख्ख आणि खरबरीत करावा लागतो, आणि पुन्हा गंज धरण्याच्या आत काही तासांत फवारावे लागते. पैसे वाचवायचे झाले की नेमकी हीच पायरी उरकली जाते. मग खपल्या निघतात आणि दोष जस्ताला लागतो. थरात बारीक छिद्रे राहतात, ती सीलरने बुजवलेली बरी.

जस्तासारखे ॲल्युमिनियमही फवारता येते. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या चाचणीत ८० ते १५० मायक्रॉन जाडीच्या फवारलेल्या ॲल्युमिनियमने समुद्राच्या पाण्यातही १९ वर्षे पोलाद राखले. भारतीय रेल्वेही गंज जास्त असलेल्या जागी गर्डरवर ॲल्युमिनियम फवारते. पण समुद्रकाठचा हा नुस्खा चोपण रानात जसाच्या तसा चालवू नये. अल्कधर्मी ओलीत ॲल्युमिनियमचा संरक्षक पापुद्रा विरघळतो. जस्त तिथे अधिक तग धरते. उसाच्या रसाचा सामू (pH) मात्र साधारण ५ ते ५.५, म्हणजे तो आम्लधर्मी; रस लागतो तिथे उघडे जस्तही कामाचे नाही.

माती परीक्षणाच्या अहवालात सामू असतोच. खतासाठी पाहतो तोच आकडा ८.५ च्या वर असेल, तर जमिनीला टेकणाऱ्या लोखंडावर जस्तच फवारून घ्यावे, आणि तेही जाड.