दुपटं जुनं चालेल, कार सीट नाही

घरात बाळ येणार अशी कुणकुण लागली की आपल्याकडे माळे उघडतात. आत्याकडचा पाळणा, मोठ्या बहिणीच्या मुलाची झबली, आजीच्या मऊ पडलेल्या लुगड्याची दुपटी. बाळाच्या अंगाला आधी कोरं कापड लावायचं नाही, कुणाचं तरी वापरलेलं लावायचं, ही रीत बडोद्यातल्या बऱ्याच मराठी घरांत अजून आहे. त्यामागे शहाणपणही आहे, कारण धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड नव्यापेक्षा चांगलंच. अलीकडे या गाठोड्यात एका नव्या वस्तूची भर पडली आहे, मुलांच्या कार सीटची. बऱ्याचदा ती न्यू जर्सीच्या किंवा टोरंटोच्या भावाने येताना आणलेली असते. मग इथे ती एका चुलत भावाकडून दुसऱ्याकडे फिरते. महागाची वस्तू, दिसायला नवीकोरी, कव्हर धुऊन इस्त्री केल्यासारखं. आणि मग कुणीतरी, बहुतेक वेळा होऊ घातलेली आईच, ती सीट उलटी करते आणि मागे कोरलेली ओळ वाचते: या तारखेनंतर वापरू नये.

तिथून हुज्जत सुरू होते. "प्लास्टिकला कसली आलीय एक्स्पायरी? दूध आहे का ते?"

हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. उलट कुणाही इंजिनिअरने विचारावा असाच आहे. आपण त्याला दोन घाईची उत्तरं देतो. एक म्हणजे "कंपनीने लिहिलंय ना, मग नाही वापरायची". दुसरं, "त्या तारखेनंतर प्लास्टिक खराब होतं". पहिलं कुणाला पटत नाही आणि दुसरं, तसं म्हटलं तर, खरंही नाही.

गच्चीवरच्या दोरीला लावलेला प्लास्टिकचा चिमटा आठवा. आणला तेव्हा कितीही ताणा, तुटायचा नाही. दोन उन्हाळे गेले की त्याचा रंग उडतो आणि एक दिवस ओला टॉवेल लावताना तो बोटांत कडकन तुटतो. आदल्या दिवसापर्यंत तो व्यवस्थित कपडे धरत होता. गच्चीवरच्या खुर्चीचंही तसंच. घरचे सगळे वर्षानुवर्षं बसतात आणि एखादे वजनदार पाहुणे टेकले की पाय फाकतात. खुर्ची त्या दिवशी बिघडलेली नसते. ती आधीच थकलेली असते, त्या दिवशी फक्त परीक्षा होते.

चिमटा, खुर्ची आणि बहुतेक कार सीटचं कवच एकाच प्लास्टिकचं असतं, पॉलिप्रॉपिलीनचं. त्याचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. उन्हातले अतिनील किरण, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळून या साखळ्या तोडत राहतात आणि प्लास्टिक ठिसूळ होत जातं. ते होऊ नये म्हणून बनवतानाच त्यात स्टॅबिलायझर मिसळतात. ही रसायनं स्वतः खर्ची पडून प्लास्टिकला वाचवतात, म्हणजे ती कधीतरी संपणारच. स्वस्तातल्या चिमट्यात ती नावापुरती असतात, कार सीटमध्ये हिशेबाने घातलेली असतात. शिवाय गाडीची काच थोडं संरक्षण देते. पुढची काच बरेचसे अतिनील किरण अडवते, बाजूच्या काचा त्या मानाने कमी. म्हणून चिमटा दोन उन्हाळे टिकतो आणि सीट कंपनी व मॉडेलनुसार ६ ते १० वर्षं. फरक वेगाचा आहे, प्रक्रिया तीच.

त्यात आपला उन्हाळा. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, ३८ अंशांच्या वर पारा गेलेल्या दिवसांत, उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांची मोजणी संशोधकांनी केली. २०१८ साली ती प्रसिद्ध झाली. गाडीच्या आतली हवा सरासरी ४७ अंश, सीट ५१ अंश आणि डॅशबोर्ड ६९ अंश! मे महिन्यात बडोद्यात बाहेरच ४२-४३ असतं आणि आपली गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये तासभर नाही, दिवसभर उभी असते. संध्याकाळी एसी लावला की तेच प्लास्टिक पुन्हा थंड. रोजच्या या फुगण्या-आकसण्याचा ताण स्क्रू आणि पट्ट्यांच्या खाचांपाशी साचत जातो.

आणि कवच हा एकच भाग झाला. पट्टे पॉलिस्टरचे असतात, तेही उन्हाने कमजोर होतात. (म्हणूनच बहुतेक कंपन्या पट्टे वॉशिंग मशीनमध्ये किंवा ब्लीचमध्ये घालू नका, ओल्या फडक्याने पुसा असं सांगतात. आपल्याकडे मात्र वस्तू दुसऱ्याला द्यायची म्हणजे आधी खळखळून धुवायची.) आत थर्मोकोलसारखा फोम असतो. तो एकदा दबला की परत फुगत नाही, त्याचं कामच एकदा दबण्याचं आहे. बकलमध्ये सहा वर्षांचा बिस्किटाचा चुरा आणि वाळलेलं दूध जाऊन बसलेलं असतं.

एवढं असूनही ती सीट रोजच्या फेऱ्यांना चालेल. शाळा, भाजी, मांडवीपर्यंत जाऊन येणं, काहीच होणार नाही. प्रश्न त्या एका क्षणाचा आहे. युरोपच्या जुन्या ईसीई आर ४४ नियमानुसार सीटची समोरून धडक-चाचणी होते ती ताशी ५० किलोमीटरला. अमेरिकेत ४८ ला. म्हणजे एक्स्प्रेसवेचा वेग नाही, आपला शहरातला वेग. १० किलोचं बाळ त्या वेगातून अचानक थांबतं तेव्हा जवळजवळ १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. वजनाच्या वीसपट ओढ धरली तरी २०० किलो होतात, म्हणजे सिमेंटच्या चार गोण्या. हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत. तेवढ्या वेळात पट्टे किंचित ताणले जातात, कवच लवतं, फोम चिरडतो आणि मिळून बाळाला हळुवार थांबवतात. लवायला हवं ते कवच तडकलं, तर बाकीच्यांनी काय करायचं?

आता कळीचा मुद्दा. प्रमाणपत्राची ही चाचणी होते ती नव्या सीटवर. सीट इतकी वर्षं उन्हात राहिली तरी तशीच वागेल, हे कंपनी साहित्याच्या चाचण्यांवरून आणि अनुभवावरून ठरवते आणि एका ठिकाणी थांबते. सीटवरची तारीख म्हणजे ते थांबण्याचं ठिकाण. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला सपोर्ट संपणं म्हणतात. फोनचे अपडेट बंद झाले म्हणून फोन त्या रात्री मरत नाही, दुसऱ्या दिवशीही व्हॉट्सॲप चालतं. फक्त यापुढे काही झालं तर जबाबदारी घेणारं कुणी उरत नाही. फोनच्या बाबतीत मी ते चालवून घेतो. बाळाच्या बाबतीत का घ्यावं?

"अरे, पण हा कंपन्यांचा धंदा आहे." आहेच. अमेरिकेच्या सरकारी नियमात सीटवर बनल्याची तारीख सक्तीची आहे, पण मुदत किती वर्षांची हे नियम सांगत नाही, कंपनी ठरवते. हे संशयी काकांना आपणहून सांगून टाकावं, लपवू नये. पण नुसती लूटमार असती तर मुदती कमी-कमी होत गेल्या असत्या. उलट १० वर्षं चालणारी सीट ही खोक्यावर मोठ्या अक्षरात छापायची गोष्ट झाली आहे. दुसरं असं, की मुदत सहा वर्षांची धरली तरी एका घरातल्या दोन मुलांना ती सहसा पुरते. ज्याने विकत घेतली त्याला ही तारीख क्वचितच आडवी येते. ती आडवी येते तिसऱ्या घराला.

आणि तिसऱ्या घराच्या अडचणी वेगळ्याच असतात. अमेरिकेत सीटबरोबर नोंदणीचं कार्ड येतं, काही दोष सापडला आणि सीट परत मागवली तर पहिल्या ग्राहकाला कळावं म्हणून. बडोद्यातल्या तिसऱ्या घराला ते पत्र येत नाही. पुस्तिका केव्हाच हरवलेली असते. सर्वांत अवघड प्रश्न तर विचारताच येत नाही: "दादा, ही सीट असलेल्या गाडीला कधी अपघात झाला होता का?" किरकोळ खरचटणं सोडलं तर अपघातातून गेलेली सीट पुन्हा वापरायची नसते, बाहेरून धडधाकट दिसली तरी. पण देणाऱ्याला हे विचारणं म्हणजे त्याच्या देण्यावर शंका घेणं. इथे मला ती तारीख फार उपयोगी वाटते. ती कुणावर संशय घेत नाही. "तारीख गेलीय" म्हटलं की ना दादाच्या ड्रायव्हिंगवर बोट, ना वहिनीच्या स्वच्छतेवर.

नियमही दरम्यान पुढे सरकतात. युरोपात २०१३ पासून आर १२९ हा नवा नियम आला. त्यात बाजूने बसणाऱ्या धडकेचीही चाचणी आहे, जी आर ४४ मध्ये नव्हती. बाळ किमान १५ महिन्यांचं होईपर्यंत मागे तोंड करूनच बसवायचं, हेही त्यात आलं. सप्टेंबर २०२४ पासून युरोपीय संघात आर ४४ च्या सीटची विक्री बंद झाली. अमेरिकेच्या सीटची आणखी एक गोम आहे, आणि ती मुदतीच्या आतल्या सीटलाही लागू पडते. तिथल्या गाड्यांचे पट्टे पूर्ण बाहेर ओढले की लॉक होतात, सीट त्यांच्या भरवशावर घट्ट बसते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचे पट्टे फक्त झटका बसल्यावरच अडकतात. सीटला स्वतःचं लॉक नसेल, तर ती आपल्या गाडीत डुगडुगत राहते.

आता पटवण्याबद्दल. औषधाचं उदाहरण देऊ नका. तारीख उलटलेली गोळी घेऊन ठणठणीत राहिलेला एक तरी माणूस प्रत्येक घरात असतो आणि तो त्याच खोलीत बसलेला असतो. अपघाताचे व्हिडिओही फॉरवर्ड करू नका, घरातली मोठी माणसं "शुभ बोला" म्हणून फोन बाजूला ठेवतात. आजीसमोर गॅसची केशरी नळी काढा. ती पाच वर्षांनी बदलायची हे तिला पाठ असतं, तारीखही तीच बघते. नळी फुटेपर्यंत थांबायचं नसतं, हे तिला सांगावं लागत नाही. तिथून कार सीटपर्यंत एकच पाऊल. आणि बडोद्यात आयपीसीएलमधून निवृत्त झालेले एखादे काका किंवा मामा जवळपास प्रत्येक नात्यात सापडतात. त्यांना समजवायला जाऊ नका. "काका, पॉलिप्रॉपिलिनमध्ये स्टॅबिलायझर कशाला घालतात हो?" एवढंच विचारा आणि ऐकत बसा. दहा मिनिटांत तेच बाकीच्या घराला समजावत असतील.

एक पथ्य मात्र पाळा: पर्याय हातात असल्याशिवाय जुनी सीट नाकारू नका. कारण सीट नको म्हटल्यावर बऱ्याच घरांत पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "मग मी मांडीवर घेते की!" त्या सिमेंटच्या चार गोण्या कुणाच्याही हातात राहत नाहीत, आईच्यासुद्धा. मांडी आणि मुदत संपलेली सीट एवढेच दोन पर्याय असतील तर मी सीट निवडेन, बिनदिक्कत. पण हे एखाद्या अडलेल्या प्रवासापुरतं, दिवाळीला पुण्याला जायचं तर आधीच ठरवता येतं. कायदाही २०१९ च्या दुरुस्तीपासून मांडीच्या बाजूने नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा योग्य सीट नसेल तर १००० रुपये दंड आहे. सात हजारांची सीट सहा वर्षं वापरली तर महिन्याला शंभर रुपये पडतात. बारशाला चांदीचे तीन वाटी-चमचे येण्यापेक्षा मावशी, आत्या आणि मामाने मिळून एक सीट आणली तर कुणाला वाईट वाटेल? पाळणा, झबली, दुपटी मात्र प्रेमाने घ्या आणि वापरा.

नवी घेतानाही उलटी करून बघाच. लेबलवर बनल्याची तारीख असते, कधी मुदतही. नसेल तर प्लास्टिकमध्येच घड्याळासारखं वर्तुळ कोरलेलं असतं, मध्ये वर्ष आणि बाणाने दाखवलेला महिना. (घरातल्या बादलीखालीही सापडेल, मुलांना शोधायला सांगा.) काही सीटवर फक्त बनल्याची तारीख असते आणि मुदत पुस्तिकेत. बहुतेक कंपन्या मुदत बनल्यापासून मोजतात, घेतल्यापासून नाही. त्यामुळे सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळणारी सीट गोदामात तीन वर्षं पडून असेल, तर ती तेवढी स्वस्तही नाही. आपल्याकडचं एआयएस-०७२ किंवा युरोपचं गोलातलं ई हे चिन्ह बघा.

राहिली मुदत संपलेली सीट. ती अख्खी भंगारवाल्याला देऊ नका. तो पुसून पुढे विकेल आणि ती पुन्हा कुणाच्या तरी बाळाखाली येईल. कव्हर काढा, पट्टे कात्रीने मुळापासून कापा आणि कवचावर जाड मार्करने ठळक लिहा, मराठीत आणि गुजरातीतही: मुदत संपली, वापरू नये. मग द्या.