धास्तीची गोळी

सेवानिवृत्त माणसाला कसली आली आहे काळजी, असे लोक म्हणतात. मला मात्र दाराला कडी लावली की नाही, इथपासून मुलाची गाडी वेळेवर पोचली की नाही, इथपर्यंत सगळ्याचीच धास्ती! छातीत धडधड, आणि रात्री डोळ्याला डोळा नाही.

दीड वर्ष मी अल्प्राझोलाम घेत होतो. गुण अर्ध्या तासात. पण दिवसा पेंग येई, आणि गोळी चुकली की जीव कासावीस होई. शेवटी डॉक्टरांनी बुस्पिरोन सुचवले.

"ही निराळ्या कुळातली," ते म्हणाले. "तुमची जुनी गोळी मेंदूतल्या 'गाबा' नावाच्या ब्रेकवर जोर देते. म्हणून मन शांत होते, पण झोपही येते आणि सवयही लागते. ही त्या ब्रेकला हातच लावत नाही. सेरोटोनिनच्या एका कुलपात ही किल्ली अर्धवट बसते आणि अर्धवटच फिरते. हळूहळू मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. दोन ते चार आठवडे धीर धरा."

हे औषध अमेरिकेत १९६८ मध्ये तयार झाले, तेही वेडावरचा उपाय म्हणून! तिथे ते निरुपयोगी ठरले. चिंतेवर मात्र उपयोगी पडले, आणि १९८६ मध्ये त्याला तिथे मान्यता मिळाली.

मी मात्र नसता शहाणपणा केला. नवी गोळी आली, आता जुनी कशाला, म्हणून ती एकदम बंद केली. तीन रात्री हात थरथरत होते, अंगाला घाम, झोपेचा पत्ता नाही. डॉक्टर चांगलेच रागावले. "काका, जुनी गोळी सुटल्याचा त्रास ही नवी थांबवत नाही. एकदम सोडल्याने फिट येते, जिवावरही बेतते!" मग जुनी गोळी पुन्हा सुरू झाली आणि त्यांच्या देखरेखीखाली, काही महिन्यांत, थोडीथोडी करून सुटली.

नव्या गोळीनेही आरंभी थोडे गरगरले, आणि पंधरा दिवस काहीच फरक वाटेना. सर्वांनाच ती लागू पडते असे नाही, मला पडली.

यंदा गणपतीत मुलाची गाडी तीन तास उशिरा आली. मी चहा घेत वर्तमानपत्र वाचत होतो. आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "आज स्टेशनवर फेऱ्या नाही मारल्यात?"

खरे सांगतो, माझ्या लक्षातच आले नव्हते!